आदिमानवाचा उपास

आदिमानव व्हायचं, म्हणजे तो खायचा तेवढंच खायचं, ज्याला हल्ली ‘पॅलिओ डाएट’ म्हणतात, ते ठरवलंत ना? उत्तम. पहिलं काम, मोबाइल चार्जिंगला लावा. आदिमानवाला काय चालायचं आणि काय नाही याची यादी मोबाइलवर असते. ऐन स्वयंपाकात बॅटरी गेली, तर रताळं पाषाणयुगात बसतं की नाही हे विचारायला कोणी उरत नाही.

दुसरं म्हणजे मुहूर्त. आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, होऊन जाऊ द्या. खापरावरचे मांडे आणि वाटीभर आमरस समोर आला असताना ‘मी धान्य सोडलंय’ असं म्हणणारा माणूस खान्देशात अजून जन्माला यायचाय. मी स्वतः आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. पोटात दोन मांडे असले की वैराग्य लवकर येतं.

सिद्धांत सोपा आहे, ओट्यावर बसून कुणालाही पटवता येतो. माणसाचं शरीर लाखो वर्षं शिकारीवर आणि कंदमुळांवर घडलं. शेती आली ती गेल्या दहा-बारा हजार वर्षांत. तेवढ्यात शरीराला बदलायला सवड मिळाली नाही, म्हणून गहू, ज्वारी, डाळी, दूध, साखर ही सगळी परकी मंडळी. मधुमेह, रक्तदाब आणि ढेरी ही त्यांचीच पिलावळ. १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने यावर पुस्तक काढलं, १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोघांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून विषयाला प्रतिष्ठा दिली, आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. आमच्या घरी तो पुण्याच्या भाच्याने आणला, सोबत बदामाच्या पिठाचं पाकीट.

आता कोठी रिकामी करा. ज्वारी बाहेर, बाजरी बाहेर, गहू-तांदूळ बाहेर. तूर, मूग, उडीद बाहेर. शेंगदाणेही बाहेर, कारण शेंगदाणा हा मनाने सुकामेवा असला तरी कुळाने कडधान्य आहे. २०२३ साली सगळ्या जगाने भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं केलं, ज्वारी-बाजरीचे पोवाडे गायले, ते विसरा. शेवभाजीचं तर नावच नको: डाळीचं पीठ, तेलात तळलेलं, तर्रीत बुडवलेलं. एका वाटीत तीन युगांचा अपराध.

भाकरीवाचून जेवणं जड जात असेल तर बदामाच्या पिठाची करून बघा. मी बघितली. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घातलं की त्यातलं पिष्ट फुगतं, चिकटपणा धरतं, आणि भाकरी हाताखाली गरगर फिरते. बदामात पिष्ट नावालाच. दोन थापांत कडा फाटल्या, उचलायला गेलो तर निम्मी परातीत, निम्मी हातात, आणि तव्यावर पडला तो खान्देशचा नकाशा. त्यातलाही नंदुरबार जिल्हा वेगळा झालेला. बायकोने काही न बोलता कलथ्याने तो गोळा केला आणि ‘शिरा समजून खा’ म्हणाली. बाय द वे, मूळचा रानटी बदाम कडूजहर असतो. त्याच्यात सायनाइड तयार होतं. तो गोड झाला तो शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या निवडून लावल्यामुळे. पण पाकिटावर गुहेचं चित्र असल्यावर आपण कशाला शंका घ्या.

पूर्वज निवडताना मात्र अमेरिकेकडे बघू नका, आपला घरचा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावाला १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा जुन्या अश्मयुगाच्या शेवटच्या काळातली दगडी हत्यारं सापडली, आणि सापडली शहामृगाच्या अंड्याची कवचं. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. म्हणजे आपल्या गिरणेच्या खोऱ्यात शहामृग पळत होते आणि आपला माणूस त्यांच्या अंड्यांचे मणी करून गळ्यात घालत होता. शहामृगाचं एक अंडं म्हणजे कोंबडीची साधारण दोन डझन अंडी. तेव्हा नाश्ता ठरला. शहामृगाची सोय तुम्ही बघा.

शिकारीचं थोडं अवघड आहे. ज्या १९७२ साली पाटण्याचा आदिमानव जमिनीतून वर येऊ लागला, त्याच साली सरकारने वन्यजीव संरक्षण कायदा करून त्याचा धंदा बंद केला. हरीण सोडा, ससा मारलात तरी पुढचं जेवण सरकारी. योगायोग बघा, त्याच साली दुष्काळही पडला. आमची माय तेव्हा अठराएक वर्षांची. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची, म्हणजे अश्मयुगच. संध्याकाळी हातात पडायची सुकडी, नाहीतर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी. भाजीला कुंपणावरचं, बांधावरचं जे हिरवं दिसेल ते. साखर नाही, तळण नाही, दूध नाही, पाकीटबंद काही नाही, आणि चालणं रोजचं दहा मैल. इतका शुद्ध प्रयोग नंतर आमच्या घरात कोणाला जमला नाही. मायला मी विचारलं, तेव्हा तब्येत कशी होती? ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

असो. पथ्याचा तिसरा-चौथा दिवस तुम्हालाही जड जाईल. डोकं ठणकतं, उगाच चिडचिड होते, आणि बाहेर जळगावचा पारा ४५च्या पुढे. नेमकी याच वेळी लग्नपत्रिका येईल. जा. पंगतीला बसा. आदिमानवाची खरी कसोटी जंगलात होत नाही, वरण-बट्टीच्या पंगतीत होते.

माझं काय झालं ते सांगतो. पत्रावळ पडली. वाढप्याने तळलेल्या बट्टीचे चार काप टाकले, अजून चरचरत होते. मागून वरणाची बादली, त्यामागून घोटलेली वांग्याची भाजी, शेवटी तुपाची किटली घेतलेला नवरीचा मामा. हा मामा नावाचा माणूस ‘पुरे’ हा शब्द ऐकूच शकत नाही, त्याची तशी नेमणूकच असते. मी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. म्हटलं, मी धान्य खात नाही. पंगत थांबली. शेजारचे म्हातारबाबा वाकून म्हणाले, “एकादशी शे का आज?” मी पाषाणयुगापासून सांगायला सुरुवात केली, पण तोवर मामा ओरडलेच होते, “अरे पाव्हण्याला उपास आहे, उपासाचं आणा!” पाच मिनिटांत माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची. या चौघांचंही मूळ गाव अमेरिका खंडात. पोर्तुगीज जहाजं येईपर्यंत आपल्याकडच्या कुठल्याही ऋषीने, राजाने किंवा गुहेतल्या माणसाने ती तोंडात घातलेली नाहीत. मी खिचडी खाल्ली. तिथे मामांशी वाद घालणं पाषाणयुगातल्या माणसालाही जमलं नसतं.

आता एक सूचना. वाचन करू नका. वाचलंत की घात. मी वाचलं, आणि माझा आदिमानव रोज थोडाथोडा माझ्या हातून निसटत गेला. आपल्या पाटणेकराने मणी कोरले त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी, तिकडे गालील समुद्राच्या काठी ओहालो नावाच्या वस्तीत माणसं दगडावर रानटी सातू भरडत होती. दगडाला चिकटलेलं पिष्ट तेवीस हजार वर्षांनी सापडलं. जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे मिळाले, म्हणजे शेतीच्या चार हजार वर्षं आधीची भाकरी. थोडक्यात, आदिमानवाने धान्य पथ्य म्हणून सोडलेलं नव्हतं. मिळत नव्हतं तेवढंच खात नव्हता. मिळालं की दळत होता.

शरीर बदललं नाही म्हणावं, तर तेही खोटं निघतं. मोठेपणीही दूध पचवण्याची जनुकीय सोय काही समाजांत गेल्या दहा हजार वर्षांतच पसरली. पिष्ट पचवणारा लाळेतला पाचकरस बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती, पिढ्यान्पिढ्या धान्य आणि कंद खाणाऱ्यांत जास्त आढळतात. आणि आदिमानव एक होता कुठे? बर्फातला मांसावर जगला, आफ्रिकेतला कंद उकरून आणि मध काढून. आजही टांझानियातले हाड्झा लोक मधमाश्यांच्या मागे मैलोन् मैल जातात, आणि आपल्या यादीत तर गुळालाही बंदी.

विरोधकांचंही फार ऐकू नका. ‘तुमचा आदिमानव तिशीत मरायचा’ असं कोणी म्हणालं तर तेही अर्धवटच. सरासरी खाली यायची ती लहान मुलं जायची म्हणून. शिकारीवर जगणाऱ्या समाजांचे अभ्यास सांगतात की बालपणातून निभावलेली माणसं साठी-सत्तरी गाठतात. मात्र शंभरातली चाळीसएक पोरं पंधराव्या वर्षापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे हा आहार लागू पडतो, फक्त आधी बालपण लसीशिवाय काढून दाखवायचं.

जळगावकरांसाठी केळ्याचा प्रश्न नाजूक आहे. फळ आहे म्हणून यादीत चालतं, पण रावेर-यावलकडचं केळं हे काही निसर्गाने ठेवलेलं फळ नव्हे. रानकेळं सोलून बघा, आत काळ्या खड्यांसारख्या बिया, गर चाटण्यापुरता. बिनबियांचं, वीतभर लांबीचं, दातावाचून खाता येणारं केळं हे माणसाच्या हजारो वर्षांच्या उचापतीचं फळ आहे, आणि आताचं तर प्रयोगशाळेतल्या ऊतीतून वाढवलेलं. गंमत अशी की बोलिव्हियात त्सिमाने नावाचे लोक आहेत, २०१७च्या अभ्यासात जगात तपासलेल्या समाजांत हृदयाच्या रोहिण्या सर्वांत स्वच्छ त्यांच्या निघाल्या. ते खातात काय? भात, मका, कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) आणि ढीगभर केळी. त्यांचे पुरुष दिवसाचे सहा-सात तास अंगमेहनतही करतात, पण तो भाग यादीत घेऊ नका. त्याने लोक बिचकतात. आपल्याला नाक्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटीला किक मारावी लागते.

भरीत मात्र सोडू नका. पाषाणयुगाच्या सगळ्यांत जवळ जाणारा खान्देशी पदार्थ तोच. हिवाळ्यात शेतात जायचं, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, हिरवी पांढुरकी वांगी त्यात थेट टाकायची. साल काळी पडून सुटली की आतला गर धुराच्या वासाचा. तो लाकडी बडगीत मुसळाने ठेचायचा. इथवर सगळं आदिमानवी. मग कोणीतरी शेंगदाणे टाकतं, मिरच्या टाकतं, कढत तेलाची धार सोडतं, आणि बाजूला कळण्याची भाकरी येते: ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली, म्हणजे धान्यही आणि कडधान्यही. अशा वेळी डोळे मिटून घ्यावेत.

वजन उतरतं का? उतरतं. खोटं कशाला बोलू, माझं महिन्यात अडीच किलो उतरलं. छोट्या मुदतीच्या अभ्यासांतही वजन आणि कंबर कमी झालेली दिसते. देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०२३चा अभ्यास सांगतो, त्यामुळे कंबर ही काही थट्टेची गोष्ट राहिलेली नाही. फक्त हिशेब बारकाईने करू नका. मी करून बसलो. महिनाभरात माझी सुटली ती चौकातली संध्याकाळची कचोरी, दिवसाचे पाच गोड चहा, टीव्हीपुढचं फरसाण आणि मैद्याची बिस्किटं. भाकरी मी आधीही दोनच खायचो. पण कचोरी सोडून बारीक झालो म्हटलं तर कोण ऐकणार? श्रेय गुहेलाच द्या. शिवाय कचोरी सोडायला पैसे पडत नाहीत, बदामाच्या पिठाला पडतात, आणि पैसे पडल्याशिवाय आपल्याला गुण येत नाही.

हे सगळं सातपुड्यात जाऊन सांगू नका एवढंच. धडगाव-अक्कलकुव्याकडे अजून रानभाज्या, कंद, मोहाची फुलं खाणारी घरं आहेत. तिथल्या पोरांची वजनं अंगणवाडीताई काट्यावर बघते आणि वहीत लाल शेरा मारते. त्यांना आपण आदिमानवाचा आहार समजावायला गेलो, तर ते बहुधा डाळ मागतील.

महिना संपत आला तेव्हा मायला उलगडा झाला. मी ताटातली भाकर बाजूला सारत होतो. आधी ती म्हणाली, “काय व्हयनं रे तुले? डोकं ठिकाणावर शे ना?” मग मी शांतपणे समजावलं की नांगर आला त्याच्या आधीचं तेवढंच मी खातो, शेतात पिकवलेलं खात नाही. तिचा चेहरा एकदम खुलला. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आपोआप उगवलेलं तेवढं खायचं, हे ती भाद्रपदातल्या पंचमीला लग्न झाल्यापासून पाळत आलीय. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ती ऋषीची भाजी करते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवून भाकरी.

“मंग तू ऋषिपंचमी करी राहिना का?” ती म्हणाली. “ते बायकास्नं व्रत शे. आनि ते एकच दिवस ऱ्हास रे.”

तिने भाकर परत माझ्या ताटात ठेवली, वर लोण्याचा गोळा टाकला, आणि शेजारणीला सांगायला उठून गेली.