निळा खरोखरच निळा आहे: मँडरिन माशाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुमच्या चार आक्षेपांपैकी एक अगदी बरोबर आहे, एक निम्मा बरोबर आहे आणि उरलेल्या दोहोंवर भांडायला हरकत नाही.

मुख्य आक्षेपापासून सुरू करतो. 'प्राण्यांत निळं रंगद्रव्य नसतंच, निळा हा प्रकाशाचा खेळ, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं', असं तुम्ही लिहिलंत. एरवी हे खरंच आहे. मोराचं पीस कुटून बघा, निळी पूड मिळणार नाही, काळपट भुकटी हाती येईल. खंड्याच्या पाठीचंही तेच. बहुतेक निळ्या माशांच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्यांची चळत असते आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो.

पण मी लिहिलं होतं ते मँडरिन या प्रवाळांत राहणाऱ्या चिमुकल्या निळ्या माशाबद्दल, आणि हा गडी या नियमाला अपवाद आहे. मकोतो गोडा आणि र्‍योझो फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये मँडरिन आणि त्याचा ठिपकेदार भाऊबंद, दोघांच्या कातडीत वेगळ्याच पेशी दाखवून दिल्या. त्यांना सायनोफोर म्हणतात. या पेशींत निळ्या द्रव्याचे बारीक कण भरलेले असतात. हे कण पेशीभर पसरले की निळा गडद होतो, मधोमध गोळा झाले की फिका पडतो. कण असे सरकतात म्हणूनच मला हा मासा इतका आवडतो. चकत्यांच्या चळतीतला निळा आणि हा निळा दिसायला एकच, पण घडण पूर्ण वेगळी. तेव्हा तो परिच्छेद मागे घेणार नाही.

आता कबुली. 'विषारी सौंदर्य' हे शीर्षक मी वाचक ओढण्यासाठी दिलं, आणि तुम्ही ते बरोबर पकडलंत. या माशाला खवले नसतात. अंगावर जाड, बुळबुळीत, कडवट चवीचा आणि उग्र वासाचा चिकट थर असतो, आणि तो बनवणाऱ्या पेशी कातडीतच असतात. खाऊ पाहणाऱ्याला तो नकोसा वाटावा अशीच ही सोय. पण त्यावरून माणसाला धोका असल्याचं सुचवणं हा माझा आगाऊपणा होता.

'लपतो म्हणता आणि रंगाने शत्रूला इशारा देतो असंही म्हणता, नक्की काय?' हा प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही वाक्यं एका दमात लिहिली. लपतो हे नक्की: दिवसभर हा सहा-सात सेंटिमीटरचा प्राणी प्रवाळाच्या तुटक्या फांद्यांखाली असतो आणि पोटाखालच्या परांवर रांगल्यासारखा सरकत इवल्याशा तोंडाने टिपत राहतो. इशाऱ्याचा मात्र तर्क आहे, आणि तसं लिहायला हवं होतं.

सूर्य मावळायच्या सुमाराला मात्र तो लपणं सोडतो. नर मादीभोवती घुटमळतो, पाठीवरचा लांब काटा उभारतो. मग दोघं अंगाला अंग लावून हळूहळू वर येतात, जेमतेम मीटरभर. क्षणभर थबकतात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात आणि झटक्यात खाली. चित्रफीत संथ करून पाहिली तरी तो शेवटचा झटका डोळ्यांतून निसटतोच.

शेवटचा आक्षेप तुमच्या टाकीतल्या माशाबद्दल. 'तीन महिने ठणठणीत आहे, तुम्ही उगाच घाबरवता.' असेलही. पण हा मासा दिवसभर कोपेपॉडसारखे बारीक जिवंत जीव वेचतो, आणि कोरडं खाद्य बहुतेकदा तोंडातच घेत नाही. उपासमार हळूहळू होते आणि तोवर रंग शाबूत असतो, म्हणून फसगत होते. रंगाकडे बघू नका, वरून पाठ बघा. डोक्यामागे ती चिमटल्यासारखी दिसली, पोट आत गेलं असलं, तर तो उपाशी आहे. आणि हो, दुकानदार त्याला गोबी या दुसऱ्याच कुळातला मासा म्हणत असतील, पण तो गोबी नाही, ड्रॅगोनेट कुळातला आहे.

शीर्षक आज बदललं. तुमची प्रतिक्रिया खाली तशीच ठेवली आहे, शाळकरी पोरासकट.