मावशी, शिरवाळे आणि माशाचं पाणी

मावशीची खाऊची पिशवी व्हॅनमध्येच राहिली हे माझ्या लक्षात आलं तेव्हा व्हॅन परत कांचनाबुरीच्या घाटाला लागली होती. पिशवीत मेतकूट, दाण्याची चटणी, दडप्या पोह्यांसाठी पातळ पोहे आणि गुहागरहून आलेला गुळाचा खडा, म्हणजे चार दिवसांचं रेशन. पिशवी सांभाळायची जबाबदारी कुणाकडे होती ते सांगत नाही, तुम्ही हुशार आहात.

मावशी अडुसष्ट वर्षांची. कांदा-लसूण चालतं, पण अंडं चालत नाही आणि मासा तर नुसता वासानेसुद्धा चालत नाही. आणि आम्ही उतरलो होतो संगख्लाबुरीला, थायलंडच्या पार पश्चिमेला, कांचनाबुरीपासून २०० किलोमीटरच्या वर, पुढे वीसेक किलोमीटरवर बर्मा. नदीकाठचं एवढंसं गाव. खाली सोंगकालिया नदी, तिच्यावर लांबच लांब लाकडी पूल, पुलाच्या पलीकडे मॉन लोकांची वस्ती. बर्मा आणि थायलंडमधले हे फार जुने लोक, आणि त्यांचं जेवण वेगळं असतं असं वाचून मीच मोठ्या तोऱ्यात म्हणलं होतं की इथे आपण लोकल खायचं, पॅकेटं फोडायची नाहीत. आता फोडायला पॅकेटंच नव्हती.

पूल ओलांडताना मी गाइडगिरी सुरू केली. १९८४ला खाली धरण झालं, जुनं गाव देवळासकट पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं, मग लुआंग फो उत्तमा नावाच्या मॉन भिक्खूंनी पुढाकार घेऊन लोकांकडून हा पूल बांधून घेतला, आणि २०१३च्या पुरात मधला भाग वाहून गेला होता.

मावशी थांबली. "कुठला भाग?"

"हा. आपण उभे आहोत तो."

"हे तुला काठावर पोचल्यावर सांगता आलं नसतं?"

पुढचा पूल ती माझं मनगट धरून चालली, म्हणजे पडलोच तर दोघं.

भाषेची तयारी मी करून आलो होतो. थाईमध्ये शाकाहारीला मांगसाविरत म्हणतात, मांस अधिक विरती, चक्क संस्कृत. मावशी एवढी खूष झाली की दिसेल त्याला हात जोडून "मांसविरती, मांसविरती" सांगत सुटली. लोक पण हसून हात जोडायचे. पण मासा मांसात येतो की नाही यावर गावात दोन मतं असावीत. कारण तिथे मिठाचं काम नाम-प्ला करतो, नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा, थोडक्यात माशाचं पाणी, आणि ते भाजीत घालणं म्हणजे त्यांच्या लेखी काही घालणंच नाही, जसं आपण कुणाला सांगत नाही की भाजीत मीठ घातलंय.

पहिल्या रात्री एका मॉन बाईंच्या खाणावळीत गेलो. टेबलावर ओळीने पातेली, आपणच झाकण उचलायचं, वाकून बघायचं, बोट दाखवायचं. तिसऱ्या पातेल्यावर मावशीचा चेहरा एकदम फुलला. हिरवा गच्च रस्सा आणि आंबूस वास. "अरे, अंबाडी!" खरंच अंबाडी होती. मॉन लोकांना आंबट पाल्याचं भारी प्रेम, आणि मजा म्हणजे थाई लोक भेंडीला मॉन अंबाडी अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, हे मी तिला सांगेपर्यंत तिने वाटी भरून घेतलीसुद्धा. एवढ्या लांब येऊन अंबाडी भेटली म्हणून डोळ्यांत पाणी. भातावर ओतली, कालवली, घास उचलला आणि थांबली. भाताच्या शितांतून दोन काळे ठिपके तिच्याकडे बघत होते. सुकी कोळंबी, शेपटीसकट.

मावशी काही बोलली नाही. ताट हळूच माझ्यापुढे सरकवलं आणि पर्समधून केळं काढलं. मी बाटलेला आहे, मला सगळं चालतं, त्यामुळे दोन्ही ताटं मी संपवली, आणि सांगायला लाज वाटते पण फर्स्ट क्लास होती ती अंबाडी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो. पलीकडच्या तीरावर भिक्खू भिक्षेला येतात, बायका गालावर थनाका लावून रांगेत बसलेल्या. थनाका म्हणजे एका झाडाची साल, गोल दगडावर पाणी घालून उगाळतात. मावशी म्हणाली सहाणच आहे ही, आणि स्वतःच्या गालावर पानाची नक्षी काढून घेतली. दर्शन झालं, पुण्य झालं, आता पोट.

माझ्याकडे नवा प्लॅन होता, खनॉम-चीन. खनॉम म्हणजे गोड खाऊ आणि चीन म्हणजे चिनी, शब्दकोशात बघूनच ठेवलेलं. गोड असेल तर मासा नसेल! नंतर कळलं की पदार्थ गोडही नाही आणि चिनीही नाही, नाव मुळात मॉन भाषेतलं आहे असं म्हणतात, थाई कानांना ते तसं ऐकू आलं. पण हे नंतर.

टपरीवरच्या बाई, मावशीच्याच वयाच्या, चुलीपाशी उभ्या. हातात फडक्याची पिशवी, तिच्या बुडाला भोकांची चकती, आत आंबवलेल्या तांदळाचं सैलसर पीठ. त्या पिशवी पिळत पिळत उकळत्या पाण्यावर गोल फिरवत होत्या आणि पांढऱ्या तारा पाण्यात पडून वर येत होत्या. मग गार पाण्यात धुवायच्या, चार बोटांभोवती गुंडाळायच्या आणि केळीच्या पानावर एकेक लडी ठेवायची.

"शिरवाळे," मावशी म्हणाली, अगदी हळू.

आमच्याकडे शिरवाळे म्हणजे घरभर गोंधळ. उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यात घालायचे आणि वरून दाबायला घरातला सगळ्यात जाड माणूस, म्हणजे काका. खाली ताटात नारळाचा रस आणि गूळ. मावशीला आता बाकी काही दिसत नव्हतं. तेवढ्यात बाईंनी एका लडीवर पातेल्यातला केशरी रस्सा ओतून वाटी पुढे केली. मावशीने वास घेतला, केळीचा गाभा ओळखला, वर हळद ओळखली, आणि मग सगळ्यात तळाशी जे होतं तेही ओळखलं. कुटलेला मासा. वाटी माझ्याकडे.

"मला नुसते शिरवाळे दे म्हणावं. आणि तू जा, नारळाचं दूध आणि गूळ घेऊन ये."

मी परत पूल ओलांडून गावाच्या बाजारात. नारळाचं दूध पिशवीत तयार मिळालं. गुळाला थाई शब्द आठवेना म्हणून मी ताडावर चढायचा अभिनय केला, मडकं लावलं, खाली उतरलो, रस आटवला, ढवळला. बघायला सात-आठ जण जमले. दुकानदार बाईंनी एवढा वेळ मन लावून बघितलं आणि मला शहाळं दिलं. शेवटी त्यांच्याच खोक्यामागे ताडगुळाच्या ढेपा दिसल्या. तर घामाघूम होऊन पुन्हा पुलावर, तिसऱ्यांदा.

पोचलो तर मावशी चुलीपाशी, पदर खोचलेला आणि हातात ती पिशवी. बाई शेजारी उभ्या राहून मॉनमध्ये सूचना देत होत्या, मावशी मराठीत "कळलं, कळलं" करत होती, आणि तारा तुटत होत्या तेव्हा दोघी मिळून हसत होत्या. मला कुणी बस म्हणलं नाही.

मावशीने दुधात गूळ कुस्करला, वेलची नाही म्हणून चुकचुकली, दोन लड्या त्यात सोडल्या. डोळे मिटून पहिला घास. मग दुसरी वाटी भरून बाईंपुढे धरली. बाईंनी चाखलं. आणखी एकदा चाखलं. मान डोलावली, म्हणजे छान आहे पण काहीतरी राहिलंय, आणि मावशीने हो-नाही म्हणायच्या आत फळीवरची बाटली काढून दोन्ही वाट्यांत चमचा-चमचा माशाचं पाणी घातलं.