आबासाहेबांचं एसटीचं कौतुक आता पुरे

परवा परत तोच फॉरवर्ड आला. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेल्या भाई गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आबासाहेबांचा फोटो, खाली "११ वेळा आमदार, तरी एसटीने प्रवास, असा नेता होणे नाही" आणि शेवटी हात जोडलेले चार इमोजी. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पुण्यतिथी-जयंतीच्या आसपास, हा येतोच. पाठवणारे आमच्या ग्रुपवरचे तेच लोक, जे दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी आमदाराच्या फॉर्च्युनरच्या ताफ्याचं रील टाकून "साहेबांचा नाद नाय करायचा" लिहितात. म्हणून म्हटलं आज सविस्तर लिहूच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक दुरुस्ती. "देशात सगळ्यात जास्त वेळा आमदार" असं जे फिरतं ते खरं नाही. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, करुणानिधी पण १३ वेळा. आबासाहेब ११ वेळा, सगळ्या वेळा सांगोल्यातूनच आणि सगळ्या वेळा शेकापकडूनच, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडूनच. हे एवढं खरं असताना वर आणखी मीठ-मसाला कशाला लावायचा?

आता एसटीचं. साधेपणा खराच होता, त्याबद्दल वाद नाही. पण एसटीत आमदारासाठी सीट राखीव असते, तसं खिडकीवर लिहिलेलं असतं, ती सोय सगळ्याच आमदारांना आहे, बाकीचे बसत नाहीत एवढंच. आणि आपण त्या सीटचंच इतकं कौतुक केलं की माणूस पन्नास वर्षांच्या वर विधानसभेत काय करत होता ते विचारायचंच राहून गेलं. मला तर वाटतं हे कौतुक आजच्या पुढाऱ्यांना फार सोयीचं पडतं. एकदा आबांना संत करून टाकलं की "ते काय बाबा, देवमाणूस, आपल्याला थोडीच जमणार" म्हणून मोकळं व्हायचं. संताची बरोबरी कोण करतंय. कामाची बरोबरी करायची म्हटलं की अवघड होतं.

काम म्हणजे काय ते सांगोला बघितल्याशिवाय कळत नाही. माझे मामा तिकडचे. माण नदी नावाला नदी, पाऊस आला तर आला, आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणारी बायामाणसं मी लहानपणी सुट्टीत गेल्यावर कायम बघितलीत. अशा तालुक्यातून १९६२ साली एक वकील पहिल्यांदा निवडून येतो, ते पण काँग्रेसची लाट असताना शेकापच्या लाल बावट्यावर, आणि पुढं अख्खी कारकीर्द बहुतेक विरोधी बाकावर काढतो. मंत्री दोनदाच. एकदा १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि एकदा १९९९ ला विलासरावांच्या सरकारात, तेव्हा पणन आणि रोजगार हमी त्यांच्याकडं होतं. दोन्ही मिळून पाच वर्षं पण भरत नाहीत. दुसऱ्या वेळी तर २००२ ला रायगडात शेकापचं आणि राष्ट्रवादीचं फाटलं, पक्षाने सरकारमधून अंग काढून घेतलं आणि सांगोल्याचा मंत्री घरी आला. भांडण रायगडचं, खुर्ची सांगोल्याची गेली! दुसरा असता तर त्याच रात्री "मतदारसंघाच्या विकासासाठी" पक्ष बदलून मोकळा झाला असता, प्रेस नोट तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

मग सत्ता नसताना तालुक्याला मिळालं काय? एक म्हणजे सूतगिरणी. सांगोला काय कापसाचा पट्टा नाही, तरी तिथं शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि राज्यात भल्याभल्यांच्या सहकारी गिरण्या भंगारात निघत असताना ही चांगली चालणारी म्हणून नाव टिकवून राहिली. ज्यांनी सहकारी संस्था आतून बघितल्यात त्यांना हे किती अवघड असतं ते माहितीय. संचालक मंडळात पाहुणे, भरतीत पाहुणे, खरेदीत पाहुणे, मग गिरणी टिकेल कशी. मला विचाराल तर एसटीपेक्षा हे मोठं आहे, पण यावर रील बनत नाही.

दुसरं पाणी. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायला लागली, पुढाकार नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर या चळवळीतल्या माणसांचा आणि आबासाहेबांचा. सातारा, सांगली, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळालं पाहिजे ही मागणी. वर्षानुवर्षं तेच ठराव, तेच मोर्चे. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने पंप करत पार सांगोल्यापर्यंत आणायचं, हे तेव्हा लोकांना थट्टाच वाटायची. मामा म्हणायचे, "कराडचं पाणी हितं याचं म्हणजे आमचं नातू बघणार". ते स्वतःच्याच हयातीत बघून गेले, जरा उशिरा का होईना.

पाणी यायच्या आधीच डाळिंब आलं होतं तो भाग वेगळा. शेततळं खांदायचं, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा, ठिबक टाकायचं आणि भगवा जातीचं डाळिंब लावायचं, यावर कितीतरी घरं वर आली. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्यातून, थेट बंगालला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खोडकिड्याने आणि तेल्या रोगाने बागाच्या बागा गेल्या, माझ्या मामेभावाने स्वतः जेसीबी लावून चार एकर उपटली. याचं श्रेय-अपश्रेय एकट्या आमदाराचं नाही. पण दुष्काळी माणसाने आपल्या हिमतीवर काहीतरी उभं करावं आणि आमदाराने मुंबईत त्याच्यासाठी भांडत राहावं असं एक कामाचं वाटप तिथं होतं, असं मला वाटतं.

आता जे भक्तांना आवडणार नाही ते. एवढी वर्षं आमदार राहून पाणी यायला इतका उशीर का, हा प्रश्न सांगोल्यात लोक विचारायचेच आणि तो चुकीचा नव्हता. शेजारी माळशिरस, पंढरपूर हिरवंगार, मधे आपलं फक्त कुसळ. सत्तेतला आमदार असता तर लवकर झालं असतं का? कदाचित. शेकाप राज्यात रोडावत गेला, उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दत्ता पाटील असली माणसं असलेला पक्ष शेवटी रायगड आणि सांगोला एवढाच उरला, आणि आबासाहेबांसारखा ज्येष्ठ माणूस ते थांबवू शकला नाही. सांगोल्याबाहेर पक्ष वाढवायला त्यांनी किती जोर लावला यावर कुणीतरी नीट लिहायला पाहिजे. आणि शेवटी वारसदार? नातूच. २०१९ ला स्वतः थांबले तर उमेदवार नातू, डॉ. अनिकेत. घराणेशाहीवर इतरांना शिव्या घालताना हे पण मांडा की.

पण पराभवाच्या बाबतीत मात्र मी त्यांना पूर्ण मार्क देतो. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला तर शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी पडले. १९२ म्हणजे एखाद्या वस्तीवरची दोन-चार भावक्या हो! सत्तरीकडं झुकलेला माणूस, तेव्हा लोक म्हणाले संपलं. १९९९ ला परत निवडून आले, मग २००४, २००९, २०१४ सलग. आणि इथं शहाजीबापूंना पण द्यायचं ते देतो, तो माणूस पडून पडून परत उभा राहिला, पक्ष बदलला पण तालुका सोडला नाही. २०१९ ला शिवसेनेकडून ते फक्त ७६८ मतांनी आले. आणि मग २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा गुवाहाटीतून शहाजीबापूंचा तो फोन, "काय झाडी, काय डोंगार", सगळ्या महाराष्ट्राला सांगोला माहिती झालं ते असं. ज्या तालुक्याचा आमदार पन्नास वर्षं पक्ष सोडत नव्हता त्याच तालुक्याचं नाव पक्षफुटीच्या फोन कॉलमुळे गाजावं, हा विनोद कुणी मुद्दाम लिहिला असता तर अतिशयोक्ती वाटली असती. आबासाहेब ३० जुलै २०२१ ला गेले, हे बघायला नव्हते ते एक बरंच झालं.

२०२४ ला सगळीकडं महायुतीचं वादळ, आणि सांगोल्यात मात्र दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून पंचवीस हजारांच्या वर मताधिक्याने आले. काही जण म्हणतात ही आबांची पुण्याई, काही म्हणतात शहाजीबापू आणि तिसरे उमेदवार दीपक साळुंखे यांच्यात मतं फुटली म्हणून. दोन्ही थोडं थोडं खरं असावं. मामेभावाला विचारलं तर तो म्हणाला, "पुण्याई एकदाच चालती दाजी, पुढच्या टायमाला पाण्याच्या आवर्तनाचं विचारणार". त्याने आता परत दीड एकर डाळिंब लावलंय, बाकी रानात मका. टेंभूचं पाणी त्याच्या शिवारातल्या बंधाऱ्यात वेळेवर येतं का, यावर त्याचं पुढचं मत ठरणार आहे, आणि नवीन आमदार एसटीने येतो का इनोव्हाने याच्याशी त्याला काडीचंही देणंघेणं नाही.