'एक पुणेकर' यांना उत्तर : "रिपोर्ट नॉर्मल, मग निदान कसलं?"

फायर्सवरच्या (FIRES, म्हणजे तापानंतर सुरू होणारे, औषधांना न जुमानणारे झटके) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "एमआरआय नॉर्मल, पाठीतलं पाणी नॉर्मल, मग निदान कसलं? फायर्स हा लहान मुलांचा आजार. गूगल वाचून डॉक्टर होऊ नका, लोकांना घाबरवू नका." एवढ्याशा मुद्द्याला इतका चढा आवाज कशाला? नाव लपवून शिकवणी घेणं सोपं असतं.

एक चूक मान्य. 'झटक्यांच्या आधीच्या दोन आठवड्यांत ताप' एवढंच मी लिहिलं होतं. 'आणि तो किमान 24 तास आधी सुरू झालेला' हे राहून गेलं. तज्ज्ञांनी 2018 मध्ये ठरवलेल्या फायर्सच्या व्याख्येत दोन्ही आहे. दुरुस्त केलं.

पण त्याच व्याख्येत 'कुठल्याही वयात' हेही आहे, ते तुम्ही वाचलं नसावं. तापात झटका येऊन आपोआप थांबतो तो सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांचा. तिशीच्या माणसाचं तसं नसतं.

आणि "मग निदान कसलं?" अहो, तीच तर गोम आहे! फायर्स कुठल्या एका रिपोर्टात सापडत नाही, तो घटनाक्रमावरून ओळखायचा. धडधाकट माणूस, ताप, मग दोन-दोन औषधांना न जुमानणारे झटके. आणि मेंदूत गाठ नाही, गुठळी नाही, साखर-सोडियम ठीक, विषबाधा नाही. पुढे कारण शोधतातच. हर्पिस, जपानी मेंदूज्वर, एनएमडीए अँटीबॉडी (शरीराची स्वतःच्याच मेंदूवर उलटणारी), सगळं. बऱ्याच जणांत काहीच हाती लागत नाही. एमआरआय सुरुवातीला नॉर्मल येणं यात नवल नाही.

हे मी गूगलवर शिकलो नाही. भाऊ तेव्हा 31 वर्षांचा. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या घरात आकडी. शेजारच्या काकांनी कांदा हुंगवला, मग चप्पल. पहिल्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही) सांगितलं, "ताप डोक्यात गेलाय, उद्या घरी न्या." तिसऱ्या दिवशी तो दुसरीकडे आयसीयूत, बेशुद्धीच्या औषधावर निपचित. फक्त डाव्या डोळ्याखालचा गाल थरथरत होता, एकसारखा. मी सिस्टरना दाखवलं. त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी. संध्याकाळी डोक्याला ईईजीच्या (मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात त्या) वायरी लावल्या, तर स्क्रीनवर झटका चालूच! अंग शांत, मेंदू नाही. त्या वायरींची पेस्ट पुढे आठवडाभर त्याच्या केसांत चिकटून होती, मी कोमट पाण्याने काढायचो. तुम्ही काढली आहे का कधी?

महागडी इंजेक्शनं, डॉक्टरांची बदनामी वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही.

भाऊ आज गोळ्यांवर आहे, गाडी चालवत नाही. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली. म्हणाला, "सोड ना दादा, उत्तर कशाला देतोस?"