चिंतामणरावांचा राजीनामा आणि निवडून आलेले साहेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नेहरूंच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि तिखट लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा लांबण लावतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सनदी अधिकारी जन्मभर साहेबकी करतात आणि शेवटी पक्षाचं तिकीट घेऊन जनसेवक होतात. देशमुख त्याच जातकुळीतले. इंग्रजांनी त्यांना ‘सर’ केलं, तुरुंगाचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही, नेहरूंच्या पुण्याईवर ते कुलाबा जिल्ह्यातून (आजच्या रायगडातून) निवडून आले, आणि मुंबईच्या प्रश्नावरच्या ज्या राजीनाम्याचे मी गोडवे गातो तो १९५६ मध्ये मुंबईत झालेल्या गोळीबारानंतर सहा महिन्यांनी आला.

यातली बरीचशी माहिती खरी आहे, आणि ती कुणी लपवलेलीही नाही. १९१८ साली ते आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेच्या, परीक्षेत पहिले आले, मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी नोकरी केली. १९४२ मध्ये लोक तुरुंग भरत होते तेव्हा ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. १९४३ मध्ये बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये ‘सर’. १९५० मध्ये अर्थमंत्री झाले तेसुद्धा निवडून न येता. लोकांसमोर ते गेले १९५२ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, काँग्रेसचे उमेदवार म्हणून. तेव्हा नेहरूंच्या नावाचा फायदा त्यांना झाला नाही असं कोण म्हणेल?

पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. त्याच वर्षी राज्यसभाही अस्तित्वात आली. अर्थमंत्र्याला तिथे सहज जागा मिळाली असती. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले ते राज्यसभेतूनच. लोकसभेला ते १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून उभे राहिले आणि हरले. आजही परराष्ट्र सेवेतले जयशंकर आणि एके काळचे आयएएस अश्विनी वैष्णव राज्यसभेच्या वाटेने आले. देशमुखांनी मात्र लोकसभा लढवली, आणि तीही आपल्या मुलखातून. महाडजवळचं नाते हे त्यांचं जन्मगाव, घराणं रोह्याचं. कुलाब्याच्या मतदारांना हा माणूस कोण आणि कुणाची नोकरी करून आला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यांनी मत दिलं.

आता राजीनाम्याकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

मी महसूल खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे सरकारी माणसाचा विरोध कसा असतो ते जवळून पाहिलं आहे. टिपणी खालून वर जाते. खाली अव्वल कारकून लिहितो ‘मान्यतेस्तव सादर’. मधल्या एखाद्या अधिकाऱ्याला ते पटत नाही, तो समासात चार ओळींचा शेरा मारतो, नियम दाखवतो, सही करून तारीख घालतो. वरून आदेश येतो ‘प्रस्तावाप्रमाणे’. मग ज्याने विरोध लिहिला त्याच्याच सहीने तो आदेश निघतो, आणि गावात जाऊन त्याची अंमलबजावणी करायची तीही त्यानेच. लोक त्याला शिव्या घालतात. आपला शेरा तो कुणाला दाखवू शकत नाही. नस्तीला, म्हणजे फाइलीला, फीत बांधली की तो विरोध अभिलेख कक्षात जाऊन पडतो. यात भित्रेपणा आहे असं मला वाटत नाही, ती नोकरीची शिस्तच आहे आणि बऱ्याच अंशी ती हवीही. पण या शिस्तीत मुरलेल्या माणसाला जाहीरपणे ‘नाही’ म्हणणं किती जड जात असेल, याचा विचार करा.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर झालं, मुंबई पेटली, गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले १०६ हुतात्मे आपण मानतो, त्यातले कितीतरी त्या दिवसांतले. देशमुखांनी राजीनामा देऊ केला तो जानेवारीतच, पण तेव्हा तो स्वीकारला गेला नाही. मधले महिने मलाही खुपतात. तरी जुलैमध्ये लोकसभेत उभं राहून ते जे बोलले ते वाचा. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला न आणताच जाहीर झाला असा आरोप त्यांनी थेट पंतप्रधानांवर केला. नेहरूंनी तो नाकारला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यामागे महाराष्ट्राबद्दलचा आकस आहे, असंही देशमुख म्हणाले. हाच माणूस आयसीएसमध्ये असता तर हे सगळं समासातल्या शेऱ्यात राहिलं असतं. मंत्रिपद नेहरूंनी दिलं होतं, ते देशमुखांनी परत केलं. बोलायला जी जागा हवी होती ती कुलाब्याने दिली होती.

म्हणून सनदी अधिकाऱ्याने निवडणुकीत उतरण्याला माझा विरोध नाही. उलट अशा माणसाला राज्यसभेपेक्षा मतदारसंघातूनच यायला लावावं असं मला वाटतं. लोक नुसत्या नावाला भुलत नाहीत. निवडणूक आयोगाचा दरारा निर्माण करणारे शेषन १९९९ मध्ये गांधीनगरला अडवाणींसमोर पडले. त्याच वर्षी आयएएस सोडून आलेले श्रीनिवास पाटील कराडला पृथ्वीराज चव्हाणांविरुद्ध निवडून आले, आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्यात त्यांनी उदयनराजेंना हरवलं.

खुर्ची सोडल्या सोडल्या अधिकाऱ्याने तिकीट घेऊ नये, हा तुमचा शेवटचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. देशमुखांनी रिझर्व्ह बँक सोडली १९४९ मध्ये आणि मतं मागितली १९५२ मध्ये. सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१४ मध्ये मुंबईचं पोलीस आयुक्तपद सोडलं आणि मे महिन्यात ते बागपतचे खासदार झाले. इथे मी कुणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. पण खुर्चीवरच्या शेवटच्या वर्षात घेतलेला प्रत्येक निर्णय मग संशयाने पाहिला जातो, आणि त्याची झळ मागे राहिलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्यांनाही लागते. निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी कंपनीत नोकरी धरायची तर बड्या अधिकाऱ्याला सरकारची परवानगी लागते, तिकीट घ्यायला मात्र काहीच आडकाठी नाही. मध्ये काही काळ जाऊ द्यावा असं निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये सुचवलं होतं, सरकारने ते मानलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा प्रश्न कायदेमंडळावर सोडला. माझ्या मते दोन वर्षांचं अंतर सक्तीचं हवं, आणि ज्या जिल्ह्यात शेवटची नेमणूक होती तिथे तर पाच वर्षांचं.

तुमच्या तालुक्यातून एक निवृत्त अधिकारी उभे राहणार आहेत, त्यांना मत द्यावं का, असं तुम्ही विचारलंत. मी त्यांना ओळखत नाही. पण ते दारात आले की विकासाच्या आराखड्यावर त्यांना बोलू देऊ नका, ते त्यांना तोंडपाठ असणार. नोकरीत असताना वरिष्ठांच्या कोणत्या आदेशाला तुम्ही लेखी विरोध नोंदवला, तो का, आणि पुढे काय झालं, एवढं विचारा. आणि उद्या पक्षाने तालुक्याच्या विरोधात निर्णय घेतला तर काय कराल, तेही विचारा.