फ्लेक घडी घालूनच भरावा, हे कोणी ठरवलं?

पाइप ओढणाऱ्यांमध्ये एक नियमावली फिरत असते. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. फ्लेक, म्हणजे दाबलेल्या तंबाखूच्या वडीचा पातळ काप, घडी घालूनच भरायचा, चुरला की त्याची चव गेली. डब्यातून काढला की लगेच भरायचा, वाळवला तर तेल उडून जातं. भरताना तीन थर द्यायचे: पहिला लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या. नीट भरलेला पाइप एका काडीत शेवटपर्यंत जातो, पुन्हा पेटवावा लागला तर तुमचा हात कच्चा. आणि वर मखलाशी अशी की फ्लेक सावकाश, थंड जळतो, म्हणून त्याचा धूर बाधत नाही.

पाचपैकी एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. काहींत अर्धं सत्य आहे, शेवटचं निखालस खोटं आहे. नवखा माणूस मात्र सगळी एकाच श्रद्धेने पाळतो, जीभ पोळून घेतो आणि वर स्वतःलाच दोष देतो.

घडीपासून सुरुवात करू. फ्लेक (गोल्ड फ्लेक सिगारेटशी याचा संबंध नावापुरताच) तयार होतो तो असा: पानाची मधली जाड शीर काढतात, पानं ओलसर करून थरावर थर रचतात आणि दाबयंत्रात घट्ट दाबून ठेवतात. कुठे सोबत वाफ देतात, कुठे उष्णता. दाबाखाली पानं मुरतात, रंग गडद होतो, व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचा कोवळा तिखटपणा उतरतो. मग त्या वडीचे एक-दोन मिलिमीटरचे काप काढले की झाला फ्लेक. काप न काढता वडी तशीच विकली तर तो प्लग. म्हणजे मुरण्याचं सगळं काम तंबाखू तुमच्या हातात येण्याआधी होऊन गेलेलं असतं. नंतर तुम्ही तो काप दुमडा की मोडा, मुरलेलं परत कच्चं होत नाही.

चुरणं हा फ्लेकचा अपमान असेल, तर तो सर्वांत आधी खुद्द कारखानदारांनी केला. लिव्हरपूलच्या ऑग्डन कंपनीचा सेंट ब्रुनो हा तंबाखू फ्लेक म्हणून विकला जाई आणि ‘रेडी रब्ड’ म्हणूनही, म्हणजे तोच तंबाखू आधीच चुरून मोकळा केलेला. काँडोर या दुसऱ्या ब्रँडचंही तसंच. ज्या ब्रिटनमधून ही सारी परंपरा आली, तिथला खलाशी आणि मजूर खिशातल्या वडीचे चाकूने काप काढायचा आणि ते तळहातावर चोळून पाइपात भरायचा. तळहातावर तंबाखू मळणं काय असतं हे महाराष्ट्रात कोणाला शिकवायला नको; इथे चुना नसतो एवढंच.

मग फरक पडतो कशात? जळण्याच्या वेगात. पूर्ण चुरलेल्या फ्लेकच्या बारीक धाग्यांना चहूबाजूंनी हवा मिळते, तो पटकन पेटतो, एकसारखा जळतो आणि लवकर संपतो. घडी घातलेल्या फ्लेकला हवा कडांवरूनच मिळते. तो पेटायला कुरकुरतो, पण दीर्घकाळ चालतो. कात्रीने दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे केले आणि ते बोटाने न दाबता, नुसता पाइप ठोकून बसवले, तर जळणं आणखी संथ होतं. संथ जळला की धूर कमी तापतो आणि चव वेगळी लागते, हे खरं. पण तो निखाऱ्याच्या वेगाचा परिणाम आहे, चव शाबूत राहिल्याचा नाही. या पद्धतींमध्ये कुठली पायरी वरची, कुठली खालची असं काही नाही. कुठली घ्यायची हे पाइप आणि काप पाहून ठरतं. बाऊलचा, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या वाटीचा, आतला व्यास साधारण १९-२० मिलिमीटर असेल तर घडी बसते. त्याहून अरुंद बाऊलमध्ये तीच घडी बुचासारखी अडकते, मग कितीही दाबा. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युएल गॅविथ कंपनीचा फुल व्हर्जिनिया फ्लेक लांब, रुंद काप म्हणून येतो. तो अख्खा दुमडून छोट्या पाइपात कोंबणं याला जाणकारी म्हणायचं की हट्ट? एस्कुडोसारख्या तंबाखूत तर पट्टी नसतेच. पीळ घालून दाबलेल्या दोराच्या त्या गोल चकत्या. त्यांची घडी घालणारा स्वतःलाच कामाला लावतो.

नवख्याने फ्लेक चुरूनच भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पाइप नीट पेटता, चालता राहू दे. घडीच घालायची तर ती कशी, हेही त्या नियमावलीत धड सांगितलेलं नसतं. काप आधी लांबीच्या दिशेने दुमडायचा, मग आडवा, आणि हलका पीळ देऊन धागे उभे राहतील असा आत सरकवायचा. पेटल्यावर तंबाखू फुगतो आणि घट्ट दाबलेला काप जास्तच फुगतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवायची. त्या जागेत त्याच फ्लेकचा थोडा चुरा भुरभुरायचा, म्हणजे ठिणगी धरायला काहीतरी मिळतं. या चुऱ्याशिवाय घडी पेटवणं हा काड्या संपवायचा उद्योग आहे. आणि चुरा घालायचाच आहे, तर ‘चुरल्याने चव जाते’ हा नियम तिथेच मोडला.

आता ‘लगेच भरा’. पाचांमधलं जीभ सर्वांत जास्त पोळवणारं विधान हेच, कारण फ्लेकची खरी अडचण घडी की चुरा ही नसून ओल ही आहे. केंडलचे फ्लेक तर हाताला गार लागतील इतके ओलसर येतात. जरा हिशेब करू. ३ ग्रॅम तंबाखू भरला आणि त्यात २० टक्के पाणी आहे असं धरलं, तर पाणी झालं ०.६ ग्रॅम. तोच तंबाखू १३ टक्क्यांवर आणून भरला, तर पाणी उरतं सुमारे ०.३६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४० टक्के कमी. हे सगळं पाणी जळण्याआधी वाफ होऊन निघावं लागतं. त्यात निखाऱ्याची उष्णता खर्च होते, निखारा मरतुकडा होतो, माणूस जोरात ओढतो आणि ओढीबरोबर गरम वाफ थेट जिभेवर येते. उरलेली दांडीत थंड होऊन गुरगुरू लागते. चुलीत ओली लाकडं घालून फुंकत बसावं तसा प्रकार.

‘तेल उडून जातं’ यात तथ्य किती? वरून सुगंध दिलेल्या तंबाखूत थोडंसं. केंडलच्या काही मिश्रणांत फुलांचा, टोंका या सुगंधी बियांचा वास असतो. तो उघड्यावर काही प्रमाणात नक्की उतरतो. साध्या व्हर्जिनिया फ्लेकमध्ये मात्र उडून जाण्यासारखं विशेष नसतं. साखर उडत नाही. निकोटीनचा उत्कलनबिंदू २४७ अंश सेल्सिअस आहे. ते ताटलीत तासभर ठेवल्याने कुठे पळत नाही. जातं ते पाणी.

किती वेळ वाळवायचं याची इंग्लंडमधून आलेली घड्याळी उत्तरं आपल्याकडे निरुपयोगी आहेत. तंबाखू हवेतली ओल शोषतो आणि हवा कोरडी असेल तर सोडतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी चुरलेला फ्लेक कागदावर पसरून चहा करायला गेलात, तर परत येईपर्यंत तो कुरकुरीत झालेला असू शकतो. मुंबईत जुलैमध्ये तोच फ्लेक रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी जास्त ओला मिळेल. पावसाळ्यात मंद दिव्याखाली किंवा नुकत्याच बंद केलेल्या, कोमट तव्याजवळ ठेवून वाळवावं लागतं. थेट तव्यावर नाही. घड्याळ पाहू नका, बोटांना विचारा: चिमटीत दाबून सोडल्यावर तंबाखूचा गोळा तसाच राहिला तर ओला, हळूहळू उलगडला तर बरोबर, तुटून पूड झाली तर जास्त वाळला. घडी घालायची असेल तर थोडी ओल राहू द्यावी लागते, नाहीतर काप वाकताना मोडतो. त्यामुळेच घडीवाल्यांचा पाइप जास्त वेळा विझतो. याचा उल्लेख नियमावलीत अर्थातच नाही.

उलटी अडचणही आपल्याकडे नेहमीची. चांगला फ्लेक इथे सहज मिळत नाही. परदेशातून येणारं कोणीतरी डबा आणतं, तो पुरवून पुरवून वापरला जातो आणि कपाटात खडखडीत होतो. असा फ्लेक चुरायला गेलं तर निव्वळ भुगा होतो आणि भुगा दांडीच्या छिद्रात जाऊन बसतो. अशा वेळी काप बंद बरणीत ठेवून, त्यांना न टेकता, ओलसर केलेला खापराचा तुकडा आत एक-दोन दिवस ठेवायचा. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड टाकायचा सल्ला ऐकू नका. आपल्या हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि मग तंबाखू फेकावा लागतो.

तीन हातांचं सूत्र जुनं आहे आणि सुट्या, धाग्यांसारख्या कापलेल्या तंबाखूसाठी चांगलंही आहे. तळाला हलकं, मध्ये जरा दाबून, वर घट्ट. तळ मोकळा ठेवायचा कारण ओढता ओढता वरचा भार खाली सरकत जातो. पूर्ण चुरलेल्या फ्लेकला ते चालतं, फक्त तिसरा हात पुरुषाचा ठेवू नका. घडीला आणि चौकोनी तुकड्यांना ते लागूच पडत नाही: घडीत थर नसतात आणि तुकडे दाबले की पुन्हा वडी तयार होते. फ्लेक मुळात कारखान्यात दाबलेला, पेटल्यावर फुगणारा. त्यावर आणखी तळहाताचा जोर दिला तर हवेला वाट कुठून राहणार? हातांची उपमा सोडून द्या आणि पेटवण्याआधी एक कोरडा झुरका घ्या. रिकाम्या पाइपपेक्षा किंचित जास्त अडथळा जाणवला तर भरणं ठीक. गाल आत जात असतील तर ओतून पुन्हा भरा. चार मिनिटं जातील, पण नंतरचा तास वाचेल.

एका काडीचा नियम बहुधा संथ धूम्रपानाच्या स्पर्धांतून उचललेला आहे. तिथे प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू आणि मोजक्या काड्या देतात आणि ज्याचा पाइप सर्वांत जास्त वेळ पेटता राहील तो जिंकतो. गंमत अशी की ते स्पर्धक तंबाखू घडी घालून भरत नाहीत. हाताने चुरून बारीक करतात. घरी बसलेल्या माणसाला असली शर्यत कशाला? फ्लेक दोनदा पेटवावाच लागतो. पहिल्या काडीने वरचा थर काळा होऊन फुगतो, तो टँपरने, म्हणजे दाबायच्या चपट्या खुंटीने, अलगद बसवायचा, मग दुसरी काडी. नंतरही दोन-चार वेळा विझला तर राख हलकेच दाबून पुन्हा पेटवावा. विझू नये म्हणून सतत ओढत राहणारा माणूसच बाऊल तापवतो. दर दोन मिनिटांनी विझत असेल तर मात्र दोष ओलीत किंवा दाबात शोधावा.

राहिलं शेवटचं, आणि इथे तंत्राच्या गप्पा थांबतात. धूर थंड लागणं आणि धूर निरुपद्रवी असणं यांचा काही संबंध नाही. तंबाखू सावकाश, कमी हवेत धुमसला की कार्बन मोनॉक्साइड थांबत नाही. अपुऱ्या ज्वलनातूनच तर तो तयार होतो. ‘आम्ही धूर आत घेत नाही’ हा युक्तिवादही लंगडा. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही शोषलं जातं, आणि त्याच अस्तरावर धुरातली कर्करोगकारक द्रव्यं तासभर फिरत असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग यांनी पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांच्या कर्करोगाकडे १७९५ मध्येच बोट दाखवलं होतं. त्यानंतर तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगांशी पाइपचा संबंध प्रस्थापित झाला आहे. एका सिगारेटमध्ये साधारण पाऊण ग्रॅम तंबाखू असतो. एका मध्यम बाऊलमध्ये दोन-तीन ग्रॅम. घडी घाला, चुरा किंवा तुकडे करा, जळतो तेवढाच. भारतात तंबाखूवर निर्बंध घालणाऱ्या २००३ च्या कायद्याच्या परिशिष्टात पाइपचा तंबाखू सिगारेट, बिडी आणि हुक्क्याच्या तंबाखूबरोबर एकाच यादीत आहे, आणि त्या यादीत फ्लेकसाठी वेगळा रकाना नाही.