खुलासा: एनर्जी नाही, पॉवरही नाही, असेही सिग्नल असतात

परीक्षा जवळ आली की सिग्नल (वेळेनुसार बदलणारी राशी) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ही ओळ फिरते: ‘पिरिऑडिक तो पॉवर सिग्नल, बाकी सगळे एनर्जी सिग्नल, तिसरा प्रकार नाही.’ कृपया हे पाठ करू नका, चुकीचं आहे. पिरिऑडिक म्हणजे ठराविक काळाने तसाच पुन्हा येणारा. सिग्नलच्या वर्गाचं सगळ्या काळावरचं इंटिग्रल (एकूण बेरीज) म्हणजे एनर्जी, आणि त्या वर्गाची सगळ्या काळावरची सरासरी म्हणजे पॉवर.

युनिट स्टेप हा सिग्नल आधी शून्य असतो, शून्य वेळेला १ होतो आणि कायम १ राहतो. पुनरावृत्ती नाही, तरी तो पॉवर सिग्नल. पॉवर १/२, १ नव्हे, कारण सरासरीत डावीकडचा रिकामा अर्धा भागही धरतात. उलट टॅन फलन पिरिऑडिक आहे, पण एका आवर्तनातच त्याची एनर्जी अनंत होते, म्हणून तो पॉवर सिग्नल नाही.

तिसऱ्या प्रकाराचं माझं आवडतं उदाहरण: टी (वेळ) = १ पासून पुढे १/√टी, त्याआधी शून्य. वर्ग १/टी. त्याचं इंटिग्रल लॉगरिदम, म्हणजे हळूहळू का होईना, एनर्जी अनंताकडे जाते. सरासरीसाठी तिला वाढत जाणाऱ्या एकूण कालावधीने भागलं की मात्र छेद फार वेगाने वाढतो आणि पॉवर शून्यावर येते. हा कोणत्याच खान्यात बसत नाही. रॅम्पही (शून्यापासून वेळेसोबत सरळ रेषेत वाढत जाणारा सिग्नल) नाही, त्याची एनर्जी आणि पॉवर दोन्ही अनंत.

खरी अट अशी: एनर्जी शून्याहून जास्त आणि सांत (अनंत नसलेली), तर एनर्जी सिग्नल, पॉवर तशी असेल, तर पॉवर सिग्नल. आकार बघून ठरवू नका, इंटिग्रल सोडवा.